बोटीची मोटर घरी आल्यावर गंजते

रत्नागिरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. फायबरची आरसी बोट, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी बोट. त्यात ३६६० आकाराची (३६ मिमी व्यास, ६० मिमी लांबी) ब्रशलेस, म्हणजे कार्बनचे ब्रश नसलेली मोटर आणि तिच्यावर वॉटर जॅकेट, म्हणजे पाणी खेळवून मोटर थंड ठेवणारं ॲल्युमिनियमचं कवच. भाट्याच्या खाडीत महिनाभरात चार वेळा चालवली. दर वेळी आत थोडं पाणी यायचं, ते फडक्याने पुसून बोट बॅगेत जायची. पाचव्या वेळी शाफ्ट हाताने फिरेना. आता नवी मोटर घ्यायची आहे. तिच्या सगळ्या फटी सिलिकॉनने बंद केल्या तर चालेल का? की 'वॉटरप्रूफ' म्हणून विकतात ती घ्यावी?

सिलिकॉन लावू नका. कारण पुढे सांगतो, आधी एक गैरसमज काढू.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा, सांगलीकडे. दिवसभर समोर शेतातल्या सबमर्सिबल असतात. त्यातल्या पाण्याच्या प्रकारातली मोटर बोअरमध्ये सोडायच्या आधी आम्ही तिच्यात स्वच्छ पाणी काठोकाठ भरतो. कमी भरलं तर ती तापते आणि जळते. तिची तार प्लास्टिकच्या वेष्टणाची असते, खालचं बेअरिंग कार्बनचं आणि पाण्यावरच चालणारं. अशी मोटर वर्षानुवर्षं पाण्यात बसून काम करते. तुमची मोटर तशी बनवलेली नाही हे खरं, पण ब्रशलेस मोटरमध्ये पाणी गेल्या गेल्या काही जळत नाही. तांब्याच्या तारेवर इनॅमल असतं, कार्बन घासत नसतो, ठिणगी नसते. गोड्या पाण्यात पूर्ण भिजलेली ब्रशलेस मोटर किनाऱ्यापर्यंत बोट आणून देते, हे मी शेततळ्यावर कितीतरी वेळा पाहिलंय.

मग बिघडतं काय? बेअरिंगचे छर्रे, स्टेटरचं (मोटरच्या स्थिर भागाचं) स्टॅम्पिंग म्हणजे पत्र्यांचा गठ्ठा, आणि रोटरवरचे (फिरणाऱ्या भागावरचे) मॅग्नेट. तिन्हींत लोखंड आहे. निओडिमियम मॅग्नेट नावाने भारी वाटतो, पण त्यात वजनाने निम्म्याहून जास्त लोखंडच असतं, वर निकेलचा पातळ थर. आणि लोखंड सगळ्यात जोरात गंजतं ते पाण्याचा पातळ थर आणि हवा एकत्र मिळाली की. बोट तळ्यात असते तेव्हा नाही, बॅगेत असते तेव्हा. गरम मोटर, ओली बोट, वर टेप लावलेलं झाकण. आतलं पाणी वाफ होऊन रात्री थंड झालेल्या लोखंडावर दव धरतं. म्हणजे जिथे थेंब कधी पोचलाच नव्हता तिथेही पोचतं.

माझी पहिली मोटर अशीच गेली. बोट शेततळ्यात उलटली, माशाच्या गळाला टेनिसचा चेंडू बांधून ओढून काढली (तळ्यात उतरू नका, प्लास्टिकच्या कागदावरून माणसाला वर येता येत नाही, पोहता येत असलं तरी). घरी येईपर्यंत अंधार झाला, बोट माळ्यावर ठेवली. आठ दिवसांनी झाकण काढलं तर टेपच्या आतल्या बाजूला अजून थेंब होते आणि बेअरिंग हातात घेतल्यावर वाळू भरल्यासारखं खरखरत होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या मोटरी वाळवणाऱ्या माणसाची ही अवस्था.

हे झालं गोड्या पाण्याचं. तुमच्याकडे खाडी आहे, तिथला हिशेब वेगळा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीतलं पाणी भरती-ओहोटीप्रमाणे मचूळ ते खारं असं बदलतं, पण तुम्ही भरतीलाच चालवत असणार, म्हणजे खारंच धरा. मोटरमध्ये पाच मिलिलिटर पाणी राहिलं आणि सुकलं तर आत जवळजवळ पावणेदोनशे मिलिग्रॅम मीठ बसलं, म्हणजे एक चिमूट. आता मिठाचा गुण बघा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पातळ होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते हेच. रत्नागिरीत आर्द्रता ७५च्या खाली किती दिवस असते ते तुम्हीच सांगा. म्हणजे तुम्ही मोटर पुसली, उन्हात ठेवली, 'वाळली' म्हणून आत घेतली, आणि रात्री ती आतून पुन्हा ओली झाली. हे रोज चालतं. खाऱ्या पाण्यात भिजलेली मोटर नुसती वाळवून भागत नाही, आधी मीठ धुऊन काढावं लागतं.

आता सिलिकॉन. पहिली गोष्ट, शाफ्ट जिथून बाहेर येतो ती फट सिलिकॉनने बंद होणारच नाही, कारण तिथे शाफ्ट फिरतो. तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) म्हणजे ११.१ व्होल्ट आणि ३००० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे इथे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे, किलोव्होल्ट नव्हे) धरली तर बिनलोडाचे फेरे मिनिटाला ३३ हजारांच्या आसपास. त्यावर कुठलं सिलिकॉन टिकेल? मग बाकी सगळं बंद आणि एकच फट उघडी अशी मोटर तयार होते. ती ८० अंशांपर्यंत तापली आणि थांबल्यावर ३० अंशांवर आली की आतली हवा जवळपास सातव्या हिश्शाने आक्रसते. तेवढी जागा भरायला बाहेरून काय आत ओढलं जाईल? त्या वेळी शाफ्टपाशी जे असेल ते, म्हणजे पाणी. आत जायला वाट ठेवली, बाहेर पडायला ठेवली नाही, असं होतं. दुसरं, हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून सुकताना ॲसिटिक आम्ल सुटतं. तांब्याच्या तारेशेजारी, सोल्डरच्या जोडाशेजारी ते लावलं की हिरवं चढायला सुरुवात. कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं ना, तोच प्रकार. उघड्या जोडांवर काही लावायचंच असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडून लाल इन्सुलेटिंग वार्निश आणा, ब्रशने पातळ हात मारा. इंजिनीअरिंगच्या पोरांना ते जुनाट वाटतं, पण काम चोख करतं.

'वॉटरप्रूफ' लेबलबद्दल दोनच वाक्यं. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि ती चाचणी गोड्या पाण्यात होते. मिठाबद्दल ती काहीच सांगत नाही. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, घेताना हे लेबल जरूर बघा, मोटर घेताना त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. त्या पैशांत बेअरिंगच्या दोन जोड्या येतील.

खरं काम पाण्यातून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात आहे. बोट हातात आली की सगळ्यात आधी बॅटरी काढायची. लिपोसाठी तर हे आहेच, पण ओल्या जोडांवर डीसी दाब राहिला की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळायला लागतं. एका संध्याकाळीत बुलेट कनेक्टरवर हिरवी साय दिसते ती त्यामुळे. मग झाकण उघडायचं आणि ते घरी पोचेपर्यंत, गाडीतसुद्धा, उघडंच ठेवायचं. बोट शेपटीकडून उभी धरून पाणी ओतून टाका. जॅकेटच्या नळीत फुंकर मारून आतलं पाणी काढा. केमिस्टकडे ५० मिलिलिटरची सिरिंज मिळते, ती सिलिकॉनच्या नळीत घट्ट बसते. खाडीवरून आलात तर तिने दोन वेळा गोडं पाणी जॅकेटमधून आणि ईएससीच्या कूलिंग नळ्यांतून सोडायचं. जॅकेट ॲल्युमिनियमचं, त्यात मीठ राहिलं की पांढरी भुकटी धरते, वाट अरुंद होते आणि मग मोटर तापते. बोट चालताना जॅकेटमधून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली तर जलपर्णीच्या मुळ्यांवर खापर फोडण्याआधी जॅकेट तपासा.

मोटरच्या आत खारं पाणी गेलंय असा संशय जरी असला तरी पुढचं करा. वाचून दचकाल. मोटरच्या तिन्ही तारा ईएससीपासून सोडवा, मोटर बाहेर काढा आणि गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा. हाताने शाफ्ट फिरवत राहा, बुडबुडे येतील. पाणी बदलून पुन्हा तेच करा. शेवटचं पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या, गॅरेजवर कॅन मिळतो. त्यानंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे मिळतं. मोटरमध्ये ओतायचं, हलवायचं, ओतून टाकायचं. ते पाण्याला सोबत घेऊन जातं आणि लवकर उडतं. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन आतच राहतं आणि चिकटतं. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा हे काम लिपोपासून लांब, मोकळ्या हवेत.

मग वाळवणं. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ भातासाठी चांगला, मोटरमध्ये त्याचा भुगा जातो आणि पाणी फारसं ओढलं जात नाही. केस वाळवायचा ड्रायर घ्या, पण हाताला सोसेल इतक्या लांबून. साध्या ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर ताकद गमवायला लागतात; चांगल्या मोटरीत जास्त तापमानाचे असतात, पण आपल्या मोटरीत कुठले आहेत ते डब्यावर लिहिलेलं नसतं. ओव्हन तर नकोच. आमच्याकडे मोठ्या मोटरी वार्निशनंतर भट्टीत भाजतात, म्हणून एकाने आपली बोटीची मोटरही त्या फेरीत ठेवून द्या म्हटलं होतं. मी दिली नाही. कॉम्प्रेसरची हवा चालेल, मात्र शाफ्ट बोटांनी धरून ठेवा. हवेने बेअरिंग भिरभिर फिरवायला मजा येते, पण वंगण धुतलेल्या छर्‍यांना ती महागात पडते.

शेवटी तेल. इथे डब्ल्यूडी-४० विषयी बोलावं लागेल, कारण प्रत्येकाच्या घरात ती निळी-पिवळी बाटली आहे आणि प्रत्येकाला ते वंगण वाटतं. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिसप्लेसमेंट, पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला ते तयार झालं आणि ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून वापरलं गेलं. म्हणजे आपल्या कामाला ते योग्यच आहे, फक्त अर्ध्या कामाला. ते पाणी हटवतं आणि जाताना बेअरिंगमधलं ग्रीसही पातळ करून नेतं. म्हणून फवारणीनंतर मोटर निथळू द्या आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बेअरिंगना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. एकच. दोन थेंब टाकले तर जास्तीचं तेल रोटरवर उडतं. खाऱ्या पाण्यात बोट चालवणारे बरेच जण कोरोजनएक्स वापरतात, त्याचा थर जास्त दिवस टिकतो. मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर अडत नाही.

आता पाणी आत येतंच कुठून? टेपमधून येतं असं सगळ्यांना वाटतं. बोटीत कोरडा टिश्यू पेपर पसरा, झाकणाला टेप लावा, पिंपात पाच मिनिटं दाबून धरा आणि उघडून बघा. टेपची गळती असेल तर कडेचा कागद भिजेल. बहुतेक वेळा भिजतो तो मोटरच्या पुढचा, स्टफिंग ट्यूबच्या तोंडाशी असलेला. पितळेच्या त्या नळीतून फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा लवचीक दांडा, जातो, नळीत ग्रीस असतं आणि ते ग्रीसच सील असतं. ग्रीस संपलं की पाणी नळीतून वर येतं, आणि तोंडाशी कपलिंग, म्हणजे मोटर आणि फ्लेक्स शाफ्ट यांचा जोड, मिनिटाला ३० हजार फेऱ्यांनी फिरत असते. तिथे आलेला प्रत्येक थेंब पंख्यासारखा उडून थेट मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर. दुसऱ्या कुठल्या गळतीने मोटरचं इतकं नुकसान होत नाही.

म्हणून खेळ संपला की दर वेळी फ्लेक्स शाफ्ट बाहेर ओढून फडक्याने पुसा. फडक्यावर उतरलेलं ग्रीस बघा. मूळ रंगाचं असेल तर ठीक. दुधाळ, ताकासारखं पांढरट असेल तर त्यात पाणी मिसळलंय. मग नळी पण स्वच्छ करा आणि नवीन ग्रीस भरा. मरीन ग्रीस मिळालं तर उत्तम, नाहीतर गॅरेजमधलं चांगलं लिथियमचं एमपी ग्रीस चालतं, फक्त ते लवकर बदलावं लागतं. आणि कपलिंग व मोटर यांच्या मध्ये पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा आडवा चिकटवा, शाफ्टपुरतं भोक ठेवून. फुकटचं काम, पण माझ्या दोन बोटींत गेली काही वर्षं पुढचं बेअरिंग बदलावं लागलेलं नाही ते या तुकड्यामुळे. तळाशी एक स्पंज, आणि मोटर तळापासून बोटभर उचललेली असावी. रडरच्या (सुकाणूच्या) सळईचा रबरी भाता फाटलाय का तेही बघून घ्या. रिसीव्हर (रिमोटचा संदेश पकडणारी डबी) फुग्यात घालून तोंडाला झिप टाय, हे सगळ्यांना माहीत असतंच.

जॅकेटच्या दोन टोकांना ओ-रिंग असतात. जॅकेट बसवताना त्या कोरड्या सरकवल्या तर पिळतात किंवा कातरल्या जातात आणि मग कूलिंगचं पाणीच बोटीत गळतं. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवून बसवा. तपासायला एक नळी अंगठ्याने बंद करा, दुसरीत फुंका आणि मोटर पाण्यात धरा. बुडबुडे आले तर ओ-रिंग बदलायची. हे बोटीत मोटर बसवण्याआधी करायचं, नंतर हात जात नाही.

स्क्रूबद्दल थोडं. स्टीलचे स्क्रू, ॲल्युमिनियमचा माउंट आणि मध्ये खारं पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच झाली. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. मोठ्या बोटींना पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात ते यासाठीच, की झिजायचं तर त्यांनी झिजावं. आपल्या बोटीला तेवढं नको, स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावून बसवलं की पुरे. पण स्क्रूची लांबी मात्र मोजा. जास्त लांब स्क्रू मोटरच्या तोंडातून आत जाऊन वाइंडिंगला टेकतो, इनॅमल खरवडतो, आणि मग माणूस 'पाण्याने शॉर्ट झाली' म्हणून माझ्याकडे येतो. मल्टिमीटरने तिन्ही तारांपैकी कुठलीही एक आणि मोटरची बॉडी यांच्यात बघा, काहीच दाखवायला नको.

कोणाकडे जुनी ५५० ब्रश मोटर असेल तर तिचं वागणं वेगळं. तिथे कार्बनची पूड आणि पाणी मिळून काजळासारखा लेप होतो आणि तो वीज वाहतो. कॉम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या कड्याच्या, खाचांत तो बसला की मोटर तापते. तिला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तेल कार्बनपासून लांब ठेवा, फक्त बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्याला) द्या. खाडीसाठी ब्रश मोटर घेऊच नका.

राहिली तुमची जाम झालेली मोटर. फेकू नका, उघडा. मागचे स्क्रू काढा, रोटर जोर लावून ओढा (बोटं सांभाळा, तो झटक्याने परत जातो). शाफ्टवरचे पातळ वॉशर कुठल्या बाजूला किती होते याचा फोटो काढून ठेवा. रोटर टेबलावर ठेवू नका, लोखंडाचा कीस धरतो आणि तो निघता निघत नाही. सेलोटेपने टिपून काढावा लागतो. रोटरवरचं वेष्टण फुगलेलं दिसलं तर मॅग्नेट आतून गंजलाय, ती मोटर संपली. वेष्टण सपाट असेल तर नवीन बेअरिंग घालून ती परत चालेल. बेअरिंगवरचा नंबर वाचून तेच माप घ्या. खाडीसाठी स्टेनलेसचे मिळाले तर बघा, साधे छर्रे तिथे एक मोसमही काढत नाहीत.

आणि उघडल्यावर गंज कुठे आहे ते आधी नीट बघा, पुसायच्या आधी. पुढच्याच बेअरिंगवर आणि त्याच्या भोवती जास्त असेल तर पाणी कपलिंगने उडवलेलं आहे, बाटलीचा तुकडा लावा. एका बाजूला आडवी रेघ असेल आणि तिच्या खाली सगळं लाल असेल तर मोटर साचलेल्या पाण्यात बसून होती, ती वर उचला. सगळीकडे सारखा, पातळ, वीटकरी पूड भुरभुरल्यासारखा असेल तर तो बॅगेतला आहे.